न मोडलेली पत्रिका

२२ नोव्हेंबर १९९३

आजपासून रोजनिशी, आणि तीही वहीत नाही, चक्क संगणकात! पनवेलला येऊन अजून पिशव्यासुद्धा धड उपसल्या नाहीत आणि मला नोकरी लागली. खरं तर मी आलेय ते रेवाताईच्या बाळंतपणासाठी. आई गेल्यापासून ताईला माहेर असं उरलं नाही, मग माहेरच तिच्या दारात आलं, म्हणजे मी. याआधी दोनदा हातातोंडाशी येऊन गेलंय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून पाय खाली टाकायलाही बंदी केलीय. सकाळी लवकर आणि रात्री मी, दिवसभर शेजारच्या काकू, अशी वाटणी झाली. दिवसभर मी नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत काय भिंतींशी बोलणार? म्हणून कमलाकर भावोजींनी ओळखीच्या प्रभाकरकाकांच्या छापखान्यात माझी वर्णी लावून दिली.

छापखाना जुन्या पनवेलात, टपाल नाक्याच्या मागे. नाव 'सत्यवती मुद्रणालय', काकांच्या आईवरून. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या, मी ओढणी नाकाला लावूनच चढते. मला किळस फार लवकर येते. ताई हसते, म्हणते, तू माझ्या बाळाची दुपटी कशी धुणार ते बघायचंय मला! पण वर गेले आणि जीव खूश झाला. खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे, जुने लाकडी खण, पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल, ते चालवणारा पळस्प्याचा शिवा, आणि खिडकीशी झाकणाखाली झाकलेला नवा कोरा संगणक, मराठीचं कार्ड बसवलेला. काकांना तो चालू करायचीसुद्धा भीती वाटते. खिळे जुळवणारा माणूस काम सोडून गेला, आता तूच माझी जुळारी, असं म्हणाले. मी मजकूर काढून दिला की बाहेरून त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, होऊन येतो आणि शिवा छापतो. काका दुपारी जेवायला घरी जातात, तेव्हा मी हे लिहितेय.

काकांचा एक नियम मात्र गमतीचा आहे. लग्नाची, मुंजीची पत्रिका हवी तितके दिवस जुळवून ठेवा. दशक्रियेची पत्रिका छापून झाली की लगेच मोडायची, खिळे ज्याच्या त्याच्या खणात, दिवेलागणीच्या आत. मेलेल्याचं नाव जुळलेलं राहू द्यायचं नाही. घरी आलेली तशी पत्रिका आपण वाचून फाडतो ना, तसंच हे, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. संगणकात कसले आलेत खिळे!

२५ नोव्हेंबर

काम आवडलं. तुळशीची लग्नं सुरू झाली, त्यामुळे लग्नपत्रिकांची नुसती झुंबड आहे. मधून मधून दशक्रियेच्या पत्रिका, आणि त्या अगदी ठरलेल्या. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे तीर्थरूप अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' कोण कशाने गेलं ते अख्ख्या आळीला ठाऊक असतं, पण छापताना सगळे आपले 'अल्पशा आजाराने'च जातात. कितीदा टंकायचं तेच तेच?

संगणकात मजकूर लिहायचा जो एडिटर आहे, त्यात स्वतःच्या आज्ञा लिहून त्या एखाद्या कळीला जोडता येतात. पुण्याला संगणकाच्या क्लासमध्ये सरांनी हे एकदा घाईघाईत दाखवलं होतं, ते मी आज खटपट करून जमवलं. आता एफ-नऊ दाबलं की कर्सर जिथे लुकलुकत असेल तिथे पत्रिकेचा सगळा मजकूर भराभर उमटतो. नाव, वय, गाव तेवढं मी घालायचं. शिवा ट्रेडल थांबवून बघायला आला आणि म्हणाला, ताई, ह्याच्यात मानूस बसलाय काय? काकासुद्धा हसले. मी दिवसभर हवेत होते, खोटं कशाला बोलू.

२९ नोव्हेंबर

गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक! सुकापूरहून भावकीतल्या दोन घरांची माणसं आली, दोन्ही घरांच्या पत्रिका अक्षरशः सारख्या, म्हणून रुसली. मेलेल्यांनाही वेगळेपण हवं! मग मी आज्ञावली आणखी शहाणी केली. आता ती आधीच्या सगळ्या पत्रिकांमधून शब्द उचलते, एकातलं 'मनमिळाऊ', दुसऱ्यातलं 'कष्टाळू', तिसऱ्यातलं शेवटचं वाक्य, आणि जुळवून नवीन मजकूर करते. कधीच दोनदा तेच येत नाही. माझी मलाच शाबासकी!

त्यासाठी जुन्या पत्रिका सगळ्या साठवून ठेवायला लागतात, नावांसकट. काकांनी संध्याकाळी विचारलं, मोडलीस ना गं? मी हो म्हटलं. काय सांगत बसू त्यांना?

२ डिसेंबर

शी! आज इतकं घाण वाटतंय की डबा उघडलाच नाही.

सुकापूरची मालू म्हणून एक बाई आली, सासरे वारले होते, काशिराम नाव. मी नाव घातलं, एफ-नऊ दाबलं, आणि 'अल्पशा आजाराने' च्या जागी आलं, 'पाठीला पडलेल्या जखमांत अळ्या होऊन, त्या कपड्यांवरून वेचता वेचता'. मी हे कधीच टंकलेलं नाही. असलं मी कशाला टंकेन? मला वाटलं शिवाने चावटपणा केला, पण त्याला कळ कुठली दाबायची हेही माहीत नाही. मी घाईने पुसायला गेले तोवर बाईने वाकून वाचलं होतं. ती पांढरी पडली.

"ये तुमाला कुनी सांगितला? आमी तं घरातल्या पोरांना पन बोललो नाय."

सारवासारव केली, जुनी फाईल आहे, चुकून आली वगैरे. ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, 'अल्पशा आजाराने' टाका. टाकलं. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन हात तीन-तीनदा धुतले. अळ्या वेचायच्या म्हणजे कशाने वेचल्या असतील त्यांनी? डोक्यातून जात नाही.

४ डिसेंबर

आज्ञावली सगळी तपासली. माझ्या ओळींत काही वावगं नाही. साठ्यातही अळ्या नाहीत. मग ती उचलते कुठून?

आज तर मी एफ-नऊला हातसुद्धा लावला नव्हता. लग्नाची पत्रिका करत होते, कुणा दीपिकाची. चि. सौ. कां. लिहून कर्सर पुढे नेला आणि तो आपला आपण धावायला लागला. तिच्या हळदीच्या ओळीच्या जागी लिहिलं, पाण्यात राहिलेल्या बाईच्या तळव्याची कातडी मोजा काढावा तशी कशी निघून हातात येते. नीट, सोज्वळ भाषेत, 'आपली नम्र' वगैरे खाली. त्या नम्रपणाचीच जास्त शिसारी आली. पुसलं. ब्लॉकला जाण्याआधी तीनदा वाचून काढलं.

कळाही चिकट झाल्यात. बोट उचललं की कळ त्याला चिकटून जरा वर येते. स्पिरिट लावून पुसल्या, फडक्यावर पिवळट काहीतरी आलं आणि त्याला जुन्या बँडेजचा वास. शिवाला विचारलं, शाई सांडली होती का? तो म्हणतो, नाय. ते फडकं मी चिमटीत धरून बाहेर फेकलं.

७ डिसेंबर

पडद्यावर सकाळीच एक पत्रिका तयार होती. 'आमची मातोश्री वेणू, राहणार पळस्पे, जबडा उघडाच राहून, तोंडातल्या मुंग्या हटवता न आल्याने'. खाली शिवाचं नाव. शिवाची आई!

शिवाला आडून विचारलं, आई कशी आहे? म्हणाला, ठणठणीत हाय, सकाळीच दोन भाकऱ्या खाऊन शेतावर गेली. जीव भांड्यात पडला. पुसून टाकलं सगळं. हे यंत्र बिघडलंय, तिकडे मुंबईला पाठवायला हवं.

काल घरी ताईने डिंकाचा लाडू पुढे केला. तुपाचा वास आला आणि मी मोरीकडे पळाले. ताई म्हणाली, अगं बाळंतपण माझं आहे की तुझं?

१० डिसेंबर

शिवा आला नाही. काका पळस्प्याला जाऊन आले. त्याची आई परवा दुपारी बांधावर बसल्या जागी गेली, कुणाला कळलंच नाही. काका सांगताना मध्येच थांबले, तोंडाशी रुमाल धरला. त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं तिच्या तोंडात काय होतं.

मी सगळं सांगून टाकलं. साठवून ठेवलेल्या पत्रिका, नावं, तो खोटा होकार. काका रागावतील असं वाटलं होतं. ते खणांसमोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले,

"मजकूर मोडला की माणूस सुटतो, पोरी. तू त्यांना शब्दांत कोंडून ठेवलंस, आणि वर त्यांच्याकडून काम करून घेतलंस."

मला स्वतःचीच किळस आली. मेलेल्यांचे तुकडे तोडून मी नवे मेलेले शिवत होते, आणि शाबासकी घेत होते. दिवसभर बसून साठा पुसला. एकदम नाही, काका म्हणाले तसं, एकेक नाव, एकेक अक्षर मागून पुढे. जसजसं पुसत गेले तसतसा वास वाढत गेला, पण साठा संपला. आज्ञावलीही काढून टाकली. एफ-नऊ दाबून बघितलं. काही उमटलं नाही. देवा, संपलं एकदाचं.

१३ डिसेंबर

संपलेलं नाही.

संगणक चालू केला, कोरं पान उघडलं, कर्सर आला आणि त्याने लिहिलं, 'आमची सौ. रेवा'.

एवढंच. पुढे लुकलुकत बसला. मी पुसलं. परत तेवढंच. दुपारी रिक्षा करून घरी जाऊन आले. ताई उशीला टेकून स्वेटर विणत होती, पिवळा. काय गं, आज लवकर? मी तिच्या पायांशी बसले आणि पाय चेपत राहिले, तिला वाटलं मला आईची आठवण आली.

१४ डिसेंबर

'आमची सौ. रेवा, प्रसूतीच्या वेळी आतले पाणी हिरवे होऊन' — आणि थांबला.

पुसलं तर परत येतं, आणि परत येताना एखादा शब्द जास्त. बंद केला, वायर काढली, दिवसभर बंद. संध्याकाळी लावला तर एक शब्द पुढे गेलेला. 'नासून'. बाकीचे शब्द मी इथे लिहिणार नाही. माझी ताई आहे ती. तिच्या पोटाबद्दल असले शब्द. शी, शी, शी.

यंत्र खिडकीतून खाली टाकू, म्हटलं काकांना. काकांनी दोन्ही हातांनी अडवलं. म्हणाले, अर्धी जुळवलेली पत्रिका कधी मोडायची नसते. माझ्या आईच्या वेळपासूनचा शिरस्ता आहे. पुरी करायची, एक प्रत छापायची, मग मोडायची. अर्धी मोडली तर ती माणसाच्या मागेच राहते.

पुरी करायची म्हणजे? ताईच्या नावाने?

काका खणांकडे तोंड करून उभे राहिले. रडत होते.

१५ डिसेंबर

आता फक्त तारीख राहिलीय. कर्सर 'दिनांक' पाशी.

कळांमधून पू यावा तसं काहीतरी. मी बोटांना रुमाल गुंडाळून टंकतेय. रुमाल ओला. वास आता केसांनाही —

ताईला काही सांगितलं नाही. ती बाळाच्या नावांची चर्चा करते. मी हसते. दात दाखवते म्हणजे.

विचार करतेय. आज्ञावली काढून टाकली, तरी लिहिली मीच होती. नावाची जागा मला माहीत आहे. नाव बदलता येतं. पण कुणाचं घालू? कुणाही अनोळख्याचं? केलाही विचार, का नाही. रस्त्यात माणसं बघत आले. भाजीवाली. रिक्षावाला. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ओकारी आली, स्वतःची.

१६ डिसेंबर

सकाळी ताईला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. भावोजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. म्हणाले, पाणी गेलंय, त्याचा रंग बरोबर नाही. मला गाडीत जागा होती. मी बसले नाही. धावत इकडे आले.

पत्रिका समोर आहे. कर्सर नावावर नेला. 'सौ. रेवा' पुसलं. 'कु. अरुंधती' लिहिलं. माझं नाव. त्याने घेतलं. मागचं सगळं, ते हिरवं पाणी, ते सगळं आपोआप पुसलं गेलं. आता कारणाच्या जागी कोरं आहे. तो विचार करतोय माझ्यासाठी.

काकांना म्हटलं, पुरी झाली की एक प्रत छापा आणि लगेच मोडा. ठेवू नका मला आत. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

थांबते. फोन वाजतोय —

मुलगी! मुलगी झाली! दोघी सुखरूप! भावोजींना बोलताच येत नव्हतं, हसत होते का रडत होते कळेना. ताई शुद्धीवर आहे, चहा मागतेय. चहा! मी खाली बसले जमिनीवर, कळांमधून ठिबकलेल्या त्या घाणीत, आणि मोठ्याने रडले. होऊ दे आता माझं काय व्हायचं ते. घशात केसांचा गोळा आल्यासारखं होतंय, ओढला तर लांबच लांब येईल असा, पण चालेल. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नाही.

घशातलं गेलं. एकदम. आता काहीच होत नाही मला. का?

परत फोन. भावोजीच. ताईचा निरोप. आधीची दोन बिननावाची गेली, म्हणून हिला एक क्षणही बिननावाची ठेवणार नाही, म्हणाली. बारशाची वाटसुद्धा बघितली नाही. कानात नाव सांगून मोकळी झाली. माझंच नाव. मावशीचं. अरुंधती.

नाही —

त्यांना म्हटलं, बदला, आत्ताच्या आत्ता बदला. ते हसले. म्हणाले, अगं, हाक मारली की डोळे उघडते ती.

नाव पुसलं जात नाहीये. बोट चिकटलं कळीला. कारणाच्या जागी शब्द यायला लागले. वाचणार नाही. दूध. नाकातून. नाही वाचणार —

काका ब्लॉकवाल्याला आणायला गेलेत. मी वयाच्या जागी 'वर्षे सव्वीस' लिहितेय. तो पुसतोय. परत लिहिलं. पुसलं. मी आहे ती, मी, पुण्याहून आलेली, नाकाला ओढणी लावणारी, मला घे ना. 'वर्षे' आलं तर मी. 'तास' आलं तर —

सव्वीस वर्षे सव्वीस वर्षे सव्वी

कु. अरुंधती, वय